गच्चीवरचं थ्री-पॉवर इंजिन : कामाच्या नोंदी

12 जानेवारी 2025, रविवार

या वेळी पहिल्या दिवसापासून नोंदी ठेवायच्या. मागे घाटातल्या खेकड्याचं, म्हणजे डब्ल्यूसीजी-1 या जुन्या विजेच्या इंजिनाचं मॉडेल केलं तेव्हा काहीच लिहून ठेवलं नव्हतं आणि सहा महिन्यांनी एक वायर सुटली तर ती कुठून कुठे जाते हे शोधायला अख्खा रविवार गेला.

तर काय बनवतोय: न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेचं 1930 चं थ्री-पॉवर इंजिन. जनरल इलेक्ट्रिकचं, दिसायला साधी चौकोनी पेटी, पण आत तीन सोयी एकत्र. रुळाशेजारी तिसरा रूळ असेल तिथे त्यातून 660 व्होल्ट डीसी घ्यायचा, तो नसेल तिथे बॅटरीवर चालायचं, आणि बॅटरी भरायला आत इंगरसोल-रँडचं 300 एचपीचं डिझेल. आज बॅटरी, डिझेल आणि लाइट अशा तिन्हीवर चालणाऱ्या इंजिनांचा एवढा गाजावाजा आहे आणि ही वस्तू 95 वर्षांपूर्वी डझनावारी बनवून रोजच्या शंटिंगला, म्हणजे यार्डात डबे हलवायला-जोडायला, लावली होती, हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

हुबेहूब मॉडेल करायचं नाहीये. काम तसंच करणारं पाहिजे, तिन्ही पॉवर खऱ्या. गेज (दोन रुळांमधलं अंतर) 5 इंच, लांबी साधारण 90 सेंटिमीटर, सगळं 24 व्होल्टवर. डिझेल एवढं छोटं मिळत नाही म्हणून गवत कापायच्या मशीनचं 35 सीसी पेट्रोल इंजिन. मोटरी ई-बाइकच्या, 24 व्होल्ट 250 वॅट, दोन. बॅटऱ्या यूपीएसच्या 12 व्होल्ट 7 एएच (अँपिअर-तास), चार घेतल्या, म्हणजे 24 व्होल्ट 14 एएच.

19 जानेवारी, रविवार

सासरे आलेत राहायला. नाना दौंडच्या यार्डात शंटिंगला होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण यार्डाचा विषय निघाला की चहा गार होतो. त्यांना ड्रॉइंग दाखवलं, तर पहिलाच प्रश्न, "अहो जावईबापू, एवढ्या मोठ्या इंजिनाला 300 एचपी? आमच्या डब्ल्यूडीएस-6 ला साडेतेराशे होते."

डब्ल्यूडीएस-6 म्हणजे आपल्याकडचं शंटिंगचं डिझेल इंजिन. मलाही हेच कोडं होतं. पण मग मीच त्यांना विचारलं की शंटिंगच्या एका शिफ्टमध्ये इंजिन खरं जोर किती वेळ लावतं. नानांनी डोळे मिटले आणि बोटांवर मोजायला लागले. रेकला लागायचं, कपलिंग होईपर्यंत थांबायचं, शंटमनचा हात बघायचा, ढकलायचं, पुन्हा थांबायचं, पॉइंट फिरेपर्यंत थांबायचं, मेन लाइनवर गाडी येतेय म्हणून थांबायचं. "आठ तासांत जोराचं काम तासभर धरा, तेही तुकड्यातुकड्यात. बाकी इंजिन नुसतं धडधडत उभं. बंदही करता येत नाही, थंड झालं की पुन्हा चालू व्हायला छळतं."

हेच! उत्तर घरात बसलं होतं. जोर लागतो तो क्षणभर, आणि तेवढ्या क्षणासाठी साडेतेराशे घोडे दिवसभर दाणा खात उभे ठेवायचे. त्यापेक्षा क्षणाचा जोर बॅटरीने द्यावा आणि छोट्या डिझेलने एका चालीत, न थांबता, खर्च झालेलं भरत राहावं. 300 एचपी हा गाडी ओढायचा आकडाच नाही, तो सरासरीचा आकडा आहे. मला वाटतं या इंजिनाची सगळी हुशारी एवढ्या एका गोष्टीत आहे आणि माझ्या मॉडेलने तेच सिद्ध करायचंय, बाकी रंगरंगोटी मागाहून.

26 जानेवारी, रविवार

चेसिस झाली. भोसरीतल्या ओळखीच्या वर्कशॉपमधून 6 एमएमची प्लेट कापून आणली, चाकं लेथवर काढून घेतली. ट्रॅक 20 बाय 5 च्या एमएस पट्टीचा, सहा मीटर, मध्ये एक पॉइंट (रूळ फुटतो ती जागा) आणि एक छोटी सायडिंग (बाजूची लाइन). गच्चीला पावसाचं पाणी जायला उतार आहे तो आधी लक्षातच आला नाही, एका टोकाला फळीचे तुकडे घालून लेव्हल केली.

सायडिंगला तिसरा रूळ लावणार नाहीये आणि त्याला कारण आहे. न्यूयॉर्कमध्येही असंच होतं. 8 जानेवारी 1902 ला पार्क अॅव्हेन्यूच्या बोगद्यात धुराने सिग्नल दिसला नाही आणि एक गाडी दुसरीवर आदळली, 15 माणसं गेली. त्यातून शहरात वाफेच्या इंजिनांवर बंदी यायला लागली, आधी मॅनहॅटनच्या पॅसेंजर लाइनला, मग 1923 च्या कॉफमन कायद्याने सगळ्या शहराला. पॅसेंजरचं सोपं होतं, ग्रँड सेंट्रल स्टेशनला 1906 पासूनच तिसरा रूळ आला होता. अडलं ते मॅनहॅटनच्या वेस्ट साइडच्या मालगाड्यांचं. ती लाइन टेन्थ अॅव्हेन्यूवर चक्क रस्त्यातून जायची, इतकी माणसं चिरडली की लोक तिला डेथ अॅव्हेन्यू म्हणायचे, गाडीपुढे घोड्यावर माणूस लाल बावटा घेऊन चालायचा. अशा रस्त्यात आणि माल चढवायच्या धक्क्यांवर, जिथे हमाल रुळावरूनच ये-जा करतात, तिथे 660 व्होल्टचा उघडा रूळ कोण टाकेल? म्हणून बॅटरी.

3 फेब्रुवारी, सोमवार

आजची तारीख सोडवत नाही म्हणून कामावरून आल्यावर लिहितोय. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, 3 फेब्रुवारी 1925 ला, बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, 1500 व्होल्ट डीसीवर. नाना सकाळपासून त्याच मूडमध्ये होते.

संध्याकाळी फक्त बॅटरीवर पहिली चाल घेतली. मागे लाकडाचे चार डबे, त्यात विटा, एकूण 160 किलो. अँपिअर मीटर इंजिनाच्या टपावरच बसवलाय, सगळ्यांना दिसेल असा. नानांनी थ्रॉटल हळूच फिरवला आणि काटा एकदम 22 वर गेला, डबे हलले, आणि काटा घसरत घसरत 6 वर येऊन थांबला. नाना म्हणाले, "अॅमिटर असाच पडतो." एवढंच म्हणाले पण त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

9 फेब्रुवारी, रविवार

मोजमाप. भाचीला वही आणि स्टॉपवॉच दिलं (नववीत आहे, फिजिक्समध्ये करंटचाच धडा चालू आहे). दहा मिनिटं खऱ्या यार्डासारखं शंटिंग, नाना शिट्टी आणि हात करून सिग्नल देणार, मी चालवणार. थांबा म्हणजे थांबायचं, घाई नाही.

आठ वेळा गाडी उठवली, दर वेळी साधारण 5 सेकंद 20 अँपिअर. चालती अवस्था एकूण 3 मिनिटं, 6 अँपिअरने. उरलेला वेळ उभी, शून्य. भाचीने गुणाकार करून बेरीज काढली, 800 आणि 1080, एकूण 1880 अँपिअर-सेकंद, भागिले 600. सरासरी 3.1 अँपिअर. म्हणजे 24 व्होल्टवर जेमतेम 75 वॅट, आणि गाडी उठवायला लागतात जवळजवळ 500.

तिने आकडा दोनदा तपासला आणि मग मला म्हणाली, "मामा, म्हणजे 75 वॅटचं इंजिन पुरेल?" हो बाळा, पुरेल, थोडं जास्त धरायचं कारण बॅटरीत घातलेलं सगळंच्या सगळं परत मिळत नाही. शंभर-सव्वाशे वॅटचा जनरेटर धरलाय.

16 फेब्रुवारी, रविवार

जनरेटर म्हणजे तिसरी ई-बाइक मोटर, उलटी फिरवायची. पेट्रोल इंजिनाचा वेग जास्त म्हणून पट्ट्याने निम्म्यावर आणला. इंजिनाचा क्लच तसाच ठेवलाय (वेग उतरला की तो इंजिन पट्ट्यापासून सोडवतो). जुन्या बाजारात एक अॅल्युमिनियमची पुली मिळाली, बोअर मोठं होतं, आत बुश मारून घेतला.

दुपारी चालू केलं, 4 अँपिअर चार्जिंग दिसलं, फार बरं वाटलं. आणि मग इंजिन बंद केलं तर पट्टा फिरतच राहिला! इंजिन शांत आणि पट्टा आपला सुरूच. दोन सेकंद काही कळेना, मग मीटर बघितला, काटा उलट्या बाजूला. बॅटरीच जनरेटरला मोटर करून फिरवत होती. वायर उपटली.

नाना मात्र म्हणाले, अहो यात चुकीचं काय, जुनं डिझेल आम्ही असंच तर चालू करायचो, बॅटरीवर जनरेटर मोटरसारखा फिरतो आणि तो इंजिनाला फिरवतो. बरोबर आहे त्यांचं. पण तिथे तो हुकूम दिल्यावर फिरतो, इथे आपणहून फिरला. जनरेटरच्या लाइनला शॉटकी डायोड टाकायचा, तो करंट एकाच दिशेने जाऊ देतो, बुधवार पेठेत मिळेल, हीटसिंकसकट.

22 फेब्रुवारी, शनिवार

डायोड बसला, पट्टा आता इंजिनाबरोबर थांबतो. अर्धा तास तेच शंटिंग दोनदा केलं. जनरेटर बंद ठेवून बॅटरीतून 1.6 एएच गेले. जनरेटर 4 अँपिअरवर चालू ठेवून उलट थोडे जमाच झाले. आणि मजा म्हणजे डबे उठवताना पेट्रोल इंजिनाचा आवाज बदलतसुद्धा नाही, ते एकाच सुरात चालू राहतं. नाना कान लावून ऐकत होते. शंटिंगच्या डिझेलचा आवाज नॉच (थ्रॉटलचा टप्पा) टाकला की चढणार, काढला की उतरणार, त्यांचं सगळं आयुष्य त्या चढउतारात गेलं, त्यांना हे वेगळंच वाटलं असणार.

रात्री आजच्या इंजिनांबद्दल वाचत होतो. ब्रिटनसाठी स्टॅडलरने स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या कारखान्यात क्लास 93 इंजिन बनवलंय, 25 केव्ही एसीवर 4,000 किलोवॅटच्या घरात, वायर नसेल तिथे 900 किलोवॅटचं डिझेल, आणि जोडीला लिथियम टायटनेट बॅटरी 400 किलोवॅट. डिझेलवर गाडी उठवताना बॅटरीचे 400 मिळून 1,300 होतात. हाच तो नानांचा क्षणभराचा जोर. आणि आपल्याकडे जबलपूर विभागाने 2020 मध्ये नवदूत केलं, वायरवर आणि बॅटरीवर चालणारं शंटिंगचं इंजिन, त्यात डिझेलच नाही. यार्डाच्या सगळ्या लाइनींवर वायर असतेच असं नाही, धक्क्यावर क्रेनने माल चढवायचा तर वरून वायर नकोच, त्यामुळे मला नवदूतचा विचार फार पटला.

2 मार्च, रविवार

तिसरा रूळ. यावर तीन आठवडे डोकं चालू होतं, आज हातात घेतला.

न्यूयॉर्क सेंट्रलचा तिसरा रूळ खालून घासणारा होता, विल्गस आणि स्प्रेग या इंजिनिअरांची पद्धत. रूळ वरून टांगलेला, वर आणि बाजूला झाकण, इंजिनाचा बूट, म्हणजे रुळातून करंट घेणारा तुकडा, खालच्या अंगाने टेकतो. त्यामुळे बर्फ साचत नाही आणि वरून पाय पडला तरी माणूस वाचतो. मी अॅल्युमिनियमचा अँगल उलटा टांगला आणि वरून वायरिंगची पीव्हीसी केसिंग-पट्टी बसवली, दिसायला अगदी तसंच.

बूट म्हणजे ग्राइंडरचा कार्बन ब्रश. पितळी होल्डरात बसवलाय, मागे पेनाची स्प्रिंग, ब्रश वरच्या बाजूला दाबला जातो. पहिली स्प्रिंग फार कडक, ब्रश रुळावर खर्र खर्र करत काळी रेघ ओढत गेला आणि चार फेऱ्यांत त्याचा कोपरा उडाला. दुसरी दोन वेढे कापून नरम केली तर सांध्यावर उडी मारून ठिणगी. तिसरी बरोबर लागली. ब्रशच्या माथ्याला पुढे-मागे पॉलिश पेपरने उतार दिला, होडीच्या टोकासारखा, त्यामुळे रुळाच्या सुरुवातीला तो आपणहून खाली दबतो आणि अलगद आत सरकतो. पहिल्यांदा तो असा न अडखळता आत गेला तेव्हा मी आणि भाची दोघं पोटावर पालथे पडून बघत होतो, तिने टाळ्याच वाजवल्या.

सप्लाय 10 अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या लाइटचा डीसी करणारा डबा), 27.6 व्होल्टवर सेट केलेला. बूट टेकला की उतरलेली बॅटरी एकदम एवढं ओढते की एसएमपीएस टिक-टिक-टिक करत बंद-चालू. मधे 0.22 ओहमचा 50 वॅटचा सोनेरी रेझिस्टर टाकला. आता चार्जिंग 6 अँपिअरच्या आसपास राहतं आणि गाडी उठवताना रूळ 9-10 देतो, वरचं बॅटरी देते. पॉइंटवर 70 सेंटिमीटर रूळच नाही, तिथे गाडी अजिबात झटका घेत नाही. ग्रँड सेंट्रलच्या जुन्या एस-मोटरींना, म्हणजे विजेच्या इंजिनांना, अशा गॅपसाठी टपावर छोटा पँटोग्राफ (वरून करंट घेणारा सांगाडा) दिला होता. बॅटरी असेल तर गॅपची फिकीरच नको.

14 मार्च, शुक्रवार, धुळवड

हे नीट सविस्तर लिहितो.

रंग खेळून झाल्यावर दुपारी गच्चीवर गेलो. रूळ पुसायचे म्हणून मी एसएमपीएस बंद केला. इंजिन रुळावरच उभं, बूट टेकलेला. भाचीला मी लावून दिलेली सवय आहे, हात लावायच्या आधी टेस्ट लॅम्प लावायचा, 24 व्होल्ट असो की काहीही असो. तिने लावला आणि लॅम्प भकन पेटला.

"मामा, बंद केलायस ना तू?"

केला होता. स्विच बंद, प्लग भिंतीतून काढलेला. तरी रुळावर 25 व्होल्ट.

कारण सापडायला पाच मिनिटं लागली पण काळजात धस्स झालं ते अजून आहे. मी रिले (करंटवर चालणारा स्विच) असा जोडला होता की तिसऱ्या रुळात करंट आला की रिले ओढला जाईल आणि रूळ आणि बॅटरी जोडले जातील. रूळ मेला की रिले सुटेल, असा माझा हिशोब. पण एकदा जोडले गेल्यावर बॅटरीच रुळाला करंट देते, त्याच करंटवर रिलेची कॉइल धरून राहते, म्हणजे रिले कधीच सुटणार नाही. इंजिन स्वतःच रूळ जिवंत ठेवतंय आणि स्वतःलाच सांगतंय की रूळ जिवंत आहे.

इथे 24 व्होल्ट म्हणून काही झालं नाही. तिथे 660. लाइन बंद केली आहे असं सांगितल्यावर माणूस निर्धास्त रुळात उतरतो, आणि दोनशे फुटांवर बॅटरीचं इंजिन बूट टेकवून उभं असतं. मी बावीस वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये आहे, हे मला आधी सुचायला हवं होतं. पावसाळ्यात लाइट गेली की कुणीतरी चेंजओव्हर न टाकता जनरेटर सरळ घराच्या वायरिंगला जोडतं, करंट उलटा ट्रान्सफॉर्मरला जातो, तिथे तो चढून पुन्हा हजारो व्होल्ट होतो आणि खांबावर चढलेला वायरमन जातो. अशा एका घरी मी जाऊन आलोय, पुढचं लिहवत नाही.

नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, रेल्वेत ओएचईचा, म्हणजे वरच्या विजेच्या तारेचा, ब्लॉक घेतला (ती बंद करून घेतली) की आधी अर्थिंग रॉड लावायचे, मगच माणूस वर. लाइन बंद आहे या शब्दावर कोणी चढत नसे.

23 मार्च, रविवार

दुरुस्ती. बुटाच्या लाइनमध्ये डायोड, करंट रुळाकडून आत येईल, आतून रुळाकडे जाणार नाही. रिलेची कॉइल डायोडच्या रुळाकडच्या बाजूला घेतली, म्हणजे ती फक्त खऱ्या रुळाचा करंट बघेल. एका डायोडवर भरवसा ठेवायचा नाही, तो शॉर्ट झाला तर पुन्हा तेच, रिलेसुद्धा सुटणार नाही, म्हणून बूट हाताने खाली दाबून अडकवायची खिट्टी केली. रुळावर काम करायचं तर बूट अडकवलेला पाहिजे. आणि नानांच्या म्हणण्याप्रमाणे दोन क्लिपांची एक वायर, एक क्लिप तिसऱ्या रुळाला, एक चालत्या रुळाला. तिला लाल फडकं बांधलंय. हे काम भाचीचं, तिने क्लिपा लावल्याशिवाय मीसुद्धा रुळाला हात लावायचा नाही.

वीस वेळा तपासलं. एसएमपीएस बंद, रिले टक, सुटला, लॅम्प अंधार. वीसपैकी वीस.

30 मार्च, रविवार, पाडवा

बॉडी चढवली. काळा रंग, बाजूला कोऱ्या पट्ट्या, नंबर अजून घातला नाही. टपाला छोटं जाळीचं झाकण, त्यातून पेट्रोल इंजिनाची हवा जाते. गुढीच्या शेजारीच इंजिन ठेवून आईने त्यालाही हळद-कुंकू लावलं.

6 एप्रिल, रविवार, रामनवमी

पूर्ण टेस्ट. नाना मुद्दाम दौंडहून आले.

अख्खा खेळ वेस्ट साइडसारखा मांडला. सायडिंगवर पुठ्ठ्याच्या दोन खोक्यांची इमारत केली आणि रूळ तिच्या पोटातून नेला, कारण 1934 मध्ये लाइन रस्त्यावरून उचलून वर घेतली (तीच ती हाय लाइन, 2009 पासून तिथे बाग आहे) तेव्हा ती गोदामांच्या आतून काढली होती, माल थेट वरच्या मजल्यावर उतरायचा. इमारतीच्या आत ना धूर चालतो ना उघडा रूळ.

नानांनी थ्रॉटल हातात घेतला. मेन लाइनवर तिसऱ्या रुळाच्या करंटवर, पेट्रोल बंद, बॅटरी भरतेय. पॉइंटच्या गॅपवर रिले टक करून सुटला, गाडीला कळलंही नाही. सायडिंगला वळली, इमारतीत शिरली, आवाज फक्त चाकांचा. आत दोन डबे सोडले, एक उचलला. बाहेर आल्यावर नानांनी पेट्रोल चालू करायला सांगितलं आणि रूळ बंद ठेवून चाळीस मिनिटं चालवत राहिले. सुरुवातीला बॅटरी 25.0 व्होल्ट, शेवटी 25.1.

थांबल्यावर ते थ्रॉटल सोडेनात. म्हणाले, "रात्रपाळीला थंडीत इंजिन उभं असायचं ना, धूर सगळा केबिनमध्ये यायचा. हे असं असतं तर..." आणि भाचीला म्हणाले, चल, आता तू चालव, मी हात दाखवतो.

तिने आधी जाऊन लाल फडक्याच्या क्लिपा काढल्यात का ते बघितलं, मग थ्रॉटल धरला.

बाकी कामं: बुटाचा ब्रश 3 एमएम झिजलाय, बदलायचा. पट्टा थोडा सैल. सोनेरी रेझिस्टर हात लावता येणार नाही इतका तापतो, त्याला चेसिसच्या प्लेटवर घट्ट बसवायचा. पावसाळ्याआधी ट्रॅक उचलून जिन्याखाली.